दादांच्या डाव्या बाजूला

हे मी कुणाला घाबरवायला सांगत नाही. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

साल १९७४. कळमनुरी तालुक्यातलं डोंगरकडा. थंडीचे दिवस, वेळ दुपारी चारची. हो, भर उजेडात!

माझे वडील ग्यानोबा. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. पायात ज्वारीचं धसकट घुसलं आणि त्यांना धनुर्वात झाला. बेचाळीस दिवस ते शहरातल्या मोठ्या दवाखान्यात होते. उजेडाने, आवाजाने झटके यायचे, म्हणून खोलीत कायम अंधार.

बाजूच्या खाटेवर आखाडा बाळापूरचा भिवाजी. त्यालाही धनुर्वातच. जरा बरं वाटायला लागल्यावर दोघं अंधारात कुजबुजत गप्पा मारायचे.

सुट्टी झाली त्या सकाळी आई भिवाजीच्या खाटेजवळ वाकली.

"भाऊ, बरे झाले की घरी या आमच्या. न्हाई म्हणू नका."

आईचा स्वभावच तसा. वाटेवरच्या माणसालाही घरी बोलावल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

पांघरुणातून उत्तर आलं नाही...

झोपला असेल, असं आम्हाला वाटलं.

घरी आलो, पण दादांच्या पायांत जीव राहिला नव्हता. डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज चालवा. नाहीतर कायमचे खाटेला लागतील." अंगणात धरायला दोन आडवे बांबू बांधले. उजवीकडून मी, डावीकडून आई. मी तेव्हा एकोणीस वर्षांची.

चार पावलं झाली की दादा खाली बसायचे. रडायचे. बघवत नव्हतं.

एक दिवस आई विहिरीवर गेलेली. मी एकटीच होते. दादा उठले आणि...

सरळ वीस पावलं चालले.

मी त्यांच्या डावीकडे बघितलं. कुणी नव्हतं. पण त्यांचा सदरा काखेत वर उचलला गेला होता... कुणी आधार दिल्यासारखा.

"हळू घे रे भिवाजी," दादा म्हणाले. "दम लागून राहिला मला."

"दादा, कोणाशी बोलून राहिले?"

"भिवाजी आला न्हाई का! तुझ्या मायनंच तर बोलावलं त्याला."

मातीत पाय ओढल्याचा आवाज आला. दादांचे पाय तर थांबलेले होते...

आईने मला बाळापूरला कार्ड लिहायला लावलं. भिवाजीच्या भावाचं उत्तर आलं. आम्ही निघालो त्याच दिवशी पहाटे भिवाजी वारला होता. घरचे येईपर्यंत त्याला खाटेवरच पांघरूण घालून ठेवलं होतं.

म्हणजे आईने आमंत्रण दिलं ते...

"बांबू उपटून टाकू," मी म्हणाले.

आई म्हणाली, "न्हाई. ते चालून राहिले ना? चालू दे."

दादांना आम्ही काही सांगितलं नाही. महिन्याभरात ते कशालाही न धरता चालायला लागले. आईने रिकाम्या अंगणाला हात जोडले.

"भाऊ, लई उपकार झाले. आता तुमी सुखानं जा."

दुसऱ्या दिवशी चार वाजता दादा पुन्हा बांबूंमध्ये. डावीकडे वाकलेले, घामाघूम. हात कुणाच्यातरी कमरेभोवती घातल्यासारखा...

"आता काहून दादा? तुमी तर चांगले झाले!"

"त्याचे पाय कुठं चालून राहिले अजून? त्यानं मला चालवलं. आता माझी पाळी."

रोज हेच. अडीच महिने. अडवलं की चिडायचे.

मग एका दुपारी दादा ताठ उभे दिसले. दोन्ही हात मोकळे. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"पोरी, भिवाजी आज एकटा चालला!"

"कुठं गेला?"

दादांनी घराकडे बोट दाखवलं.

आत आई निजली होती.

मी धावत उंबऱ्यापर्यंत गेले. आई गाढ झोपेत. आणि तिच्या खाटेभोवती पावलं वाजत होती... हळू, पण एकसारखी.

लग्नानंतर मी त्या घरात एकदाही मुक्कामाला राहिले नाही. ती पावलं कधी थांबली, हे आईला विचारायची माझी हिंमत शेवटपर्यंत झाली नाही.