ज्याची त्याची वेस

काल रात्री ‘स्वर्गाची वेस’ मालिकेत देवदूतानं एका म्हाताऱ्या बापाला स्वर्गाच्या पायरीवरून ढकलून दिलं, आणि आज सकाळी सांगलीतली अर्धी गल्ली म्हणत होती, काय गोड भाग होता!

“गोड?” दुधाची पिशवी हातात धरूनच तोरस्कर सर ओरडले. तीस वर्षं शाळेत कवायत घेतलेला आवाज, कोपऱ्यापर्यंत गेला. “बापाला कुत्र्यासारखं हाकललं, ते गोड?”

“हाकललं कुठं सर?” शेजारच्या माळीवहिनी म्हणाल्या. “दूतानं त्यांचे पाय धुतले की! मी तर ढसाढसा रडले.”

“पाय कसले धुतले? देव नुसते भांडत होते. मी अर्ध्यातच पेंगलो,” समोरचा औषधवाला म्हणाला.

सरांची खात्रीच पटली, सगळे मिळून आपली थट्टा करतायत. कारण ही मालिका लिहिणारी दुसरी-तिसरी कुणी नव्हती, त्यांची स्वतःची मुलगी केतकी होती. ठरलेलं लग्न मोडून ती कोल्हापूरला मालिका लिहायला निघाली, तेव्हा सर म्हणाले होते, “या घराची पायरी पुन्हा चढू नकोस.” त्याला दोन वर्षं झाली. आई आधीच गेलेली, मग मधे पडणार कोण? आणि काल तो दूत, केतकीच्याच वयाची, तिच्यासारखीच वेणी घातलेली पोरगी, बापाला म्हणाली, “या घराची पायरी पुन्हा चढू नका.”

भर महाराष्ट्रासमोर बापाची अब्रू काढली! सरांनी चहासुद्धा घेतला नाही. तडक कोल्हापूरची एसटी पकडली आणि मालिकेच्या कंपनीत जाऊन टेबलावर हात आपटला.

केतकी त्या दिवशी कामासाठी बाहेरगावी होती. समोर आल्या डॉ. फरीदा मुल्ला, तिथल्या शास्त्रज्ञ.

“काका, आधी पाणी घ्या.”

“पाणी नको! मी केतकीचा बाप. ‘पायरी पुन्हा चढू नका’ हे वाक्य कुणी लिहिलं ते सांगा!”

“केतकीनं नाही. ते वाक्य फक्त तुमच्या घरात ऐकू आलं.”

आता हा भावघडणीचा, म्हणजे बघणाऱ्याच्या भावनेबरहुकूम कथा घडवण्याचा, उद्योग सांगायलाच हवा. त्या काळात टीव्हीच्या चौकटीत मुगाच्या दाण्याएवढं भिंग असे. बघणाऱ्याची बुबुळं कुठं थबकली, मानेची शीर किती जोरात उडाली, हे ते टिपत राही. लेखक कथेचा नुसता सांगाडा लिहायचा : बाप वेशीपाशी येतो, दूत समोर येतो. पुढची जागा मोकळी. ती यंत्र भरायचं, घरोघरी वेगळी, आणि चित्रंही तिथल्या तिथं काढायचं. करारात हे सगळं छापलेलं होतं, इतक्या बारीक अक्षरात, की वाचायला मुंगीच हवी. लोक बिचारे रोज सकाळी एकमेकांना खोटं पाडत बसायचे.

“मग मला छान काही दाखवायला काय झालं होतं तुमच्या यंत्राला?” सर कडाडले. “माळीवहिनींना पाय धुतलेले, आणि मला लाथा?”

“त्याला छान-वाईट कळत नाही हो. तुम्ही खुर्चीतून उठू नये, एवढंच त्याला कळतं. वहिनी रडू आलं की बसतात. तुम्ही चिडलात की बसता. ते वाक्य घरात कधी बोलला होतात का? टीव्ही ऐकतोही.”

दोन वर्षं रोज संध्याकाळी, रिकाम्या घरात, ते वाक्य ते स्वतःशीच पुटपुटत होते. कधी रागानं, कधी आपण असं कसं बोललो म्हणून.

“आणि... तिला काय दिसलं?” त्यांनी हळूच विचारलं.

“सकाळीच फोनवर सांगत होती. तिच्या टीव्हीत मुलगी वेशीबाहेर उभी होती. दार ठोठावत होती. बाप आत होता, पण कडी काढत नव्हता.”

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

“काका, रात्री फोन करा तिला. तुम्ही आला होतात, हे मीही सांगते.”

परतीच्या एसटीत सर वाक्य जुळवत बसले. ‘केतू, जेवलीस का?’ असं सुरू करावं. मग ‘घरी ये.’ बस्स, एवढंच. घरी पोचेपर्यंत ते पाठ झालं. पण ती अजून कामात असेल, नंतर करू, म्हणत त्यांनी फोन शेजारी ठेवला आणि सवयीनं टीव्ही लावला.

भिंगानं सरांकडे पाहिलं. आज शीर उडत नव्हती. डोळे ओले होते. यंत्राला तेवढं पुरलं.

वेस हळूहळू उघडली. ती वेणीवाली पोरगी धावत बाहेर आली आणि बापाच्या पायांवर पडली. “बाबा, चुकलं माझं. घरी येऊ?” आवाज थेट केतकीचा.

हे खोटं आहे, हे सरांना चांगलं ठाऊक होतं. आजच तर डॉक्टरबाईंनी समोर बसवून समजावलं होतं! तरी त्यांचे गाल भिजले. दोन वर्षांचा छातीवरचा दगड उतरला, फार फार बरं वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. केतकीचं नाव होतं.

“आत्ता? ऐन वेळेला?” सर वैतागले आणि त्यांनी फोनचा आवाज बंद केला. पडद्यावर पोरगी डोळे पुसत होती, काहीतरी सांगणार होती.

फोन पुन्हा थरथरला. सरांनी तो बंदच करून टाकला, खुर्ची पुढे ओढली आणि पडद्याला म्हणाले, “हं केतू, बोल. जेवलीस का?”