उरलेलं वजन

सुभानपुऱ्यातल्या त्या फ्लॅटमध्ये सकाळच्या चहाबरोबर पेपर वाचायची जुनी पद्धत होती. ती मोडली दिवाळीनंतर. गोविंदराव ताम्हणे आणि त्यांचा मुलगा सलील टेबलाशी समोरासमोर बसायचे आणि इंजिनाबद्दल बोलायचे. गोविंदराव चौऱ्याहत्तर वर्षांचे, आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेले. सलील सत्तेचाळीसचा. मकरपुऱ्यात तो ज्या कारखान्यात होता तो दिवाळीच्या तोंडावर बंद पडला होता, आणि त्या वयाचा माणूस आता कुणालाच नको होता. त्याची बायको मोहना बँकेत होती. ती डबा भरता भरता बापलेकांचं ऐकायची आणि मध्ये बोलत नसे. कारण दिवसभरात सलीलच्या चेहऱ्यावर जी काही हालचाल व्हायची ती तेवढ्याच वेळात.

गाडी बऱ्या दिवसांत घेतलेली होती. जुनी, दुसऱ्या हाताची, छोटी, पण टर्बोची. गोविंदरावांची एक हौस होती. पावागडचा घाट, पायथ्यापासून माचीपर्यंत, तिसऱ्या गिअरमध्ये, एकदाही गिअर न बदलता चढायचा. लग्न झालं त्या वर्षी ते स्कूटरवरून तिथे गेले होते आणि सलीलच्या आईला दर वळणावर उतरून चालावं लागलं होतं. ती जाऊन आता बारा वर्षं झाली होती. तरी ती वळणं, ती स्कूटर आणि तिचं ते हसत हसत मागून येणं गोविंदराव अजून सांगायचे.

"टर्बोची गाडी म्हणजे फुंकणीने पेटवलेली चूल," ते म्हणायचे. "फुंकर जोरात मारायची, पण चुलीला सोसेल इतकीच."

हात आखडता असल्यामुळे सगळं बेताबेतानं ठरलं. आधी हवेचा मोकळा फिल्टर. मग हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर, तोही भंगारबाजारातून, अपघातात गेलेल्या एखाद्या गाडीचा. मग सायलेन्सरकडे जाणारा पाइप जरा रुंद. आणि शेवटी इंजिनाच्या कॉम्प्युटरची मांडणी बदलायची. ते काम कुशल करणार होता. गोत्रीत त्याचं गॅरेज होतं आणि तो गोविंदरावांचा विद्यार्थी. सरांकडून मजुरी घेणार नाही म्हणाला.

फिल्टर सलीलने स्वतः बसवला. गाडीत काही फरक जाणवला नाही. उलट किंचित जड वाटली, पण त्याने ते मनावर घेतलं नाही. इंटरकूलर बसला तेव्हा मात्र त्याला शंका आली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की टर्बोची शीळ पूर्वीपेक्षा स्वच्छ यायची, काटा वर जायचा, आणि गाडी मात्र चिखलातून बैल निघावा तशी निघायची. पाइप बदलला, कॉम्प्युटरची मांडणी झाली. कुशलने गाडी रोलरच्या मशीनवर चढवली. पडद्यावर ताकद चांगली पंचवीस टक्क्यांनी वाढलेली दिसत होती. मग तो स्वतः गोत्री रोडला एक चक्कर मारून आला आणि किल्ली हातात तशीच धरून उभा राहिला.

"पावर तो छे, सलीलभाई," तो म्हणाला. "पण गाडी भारे लागे छे."

जड कशाने लागते म्हणून ब्रेक कुठे धरतात का ते पाहिलं. बेअरिंग, टायर, क्लच, सगळं तपासलं. कशात काही नव्हतं. मागची चाकं तेवढी मडगार्डच्या आत जास्त शिरलेली दिसत होती, चार माणसं बसल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोविंदरावांनी कप खाली ठेवला आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, बल वाढलं आणि प्रवेग कमी झाला, तर वाढलं काय?

"वस्तुमान," सलील म्हणाला.

"मग तोलून ये."

हालोलच्या रस्त्यावर ट्रक तोलायचा वजनकाटा आहे. सलील एकटाच गेला. रेतीच्या ट्रकांमागे थांबला, नंबर आल्यावर लोखंडी पाट्यावर गाडी घेतली, इंजिन बंद केलं आणि उतरून बाजूला उभा राहिला. खोलीतल्या माणसाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बधाने उतारो, भाई. खाली गाडी तोलवानी छे ने?"

सलील म्हणाला, सगळे उतरलेत, गाडी रिकामीच आहे, मी एकटाच होतो. त्या माणसाने पडद्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. मग चिठ्ठी दिली आणि पैसे घेतले नाहीत.

पुस्तकात दिलेल्या वजनापेक्षा गाडी साडेतीनशे किलो जास्त होती.

सलीलने पार्किंगमध्ये गाडी उकलली. सीट काढल्या, गालिचा काढला, दारांचे आतले पुठ्ठे काढले, स्टेपनीची खोबण पुसून पाहिली. जुन्या मालकाने कुठे रेती, शिसं, काही भरलं असेल, पाणी साठलं असेल, असं काहीतरी त्याला सापडायला हवं होतं. सापडली एक केसांची पिन आणि शेंगदाण्याची टरफलं. संध्याकाळी मोहना बँकेतून आली तेव्हा तो सुट्या सीटांच्या मध्ये फरशीवर बसलेला होता. ती शेजारी बसली, पर्स मांडीवर घेऊन. तो म्हणाला की निदान हे तरी जमेल असं वाटलं होतं.

त्याच आठवड्यात गोविंदराव रक्तदाब दाखवायला दवाखान्यात गेले. तिथल्या बाईंनी त्यांना काट्यावर उभं केलं, मग काटा सरकवून पुन्हा उभं केलं. डॉक्टर म्हणाले, मशीन बदलायला झालंय. मोहनाने बँकेतून येताना घरासाठी एक काटा आणला. ती स्वतः उभी राहिली, वजन बरोबर आलं. गोविंदराव उभे राहिले. उन्हाळ्यात अडुसष्ट किलो असलेला माणूस एक्केचाळीस दाखवत होता.

ते वाळले असते तर समजलं असतं. पण पँटचा पट्टा त्याच भोकात लागत होता. गाल तसेच, पोट तसंच, मनगटावरचं घड्याळ तसंच घट्ट. सगळ्या तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या आल्या.

"मला तर हलकं वाटतंय रे," ते सलीलला म्हणाले. "गुडघे दुखायचे थांबले."

पण त्यानंतर घरात त्यांची चाहूल लागेनाशी झाली. स्वयंपाकघरात मोहना वळायची आणि ते मागे उभे असायचे. वेताच्या खुर्चीत बसले तरी ती करकरत नसे.

सलीलने मनातल्या मनात दोन आकडे शेजारी ठेवले. बाबांचं गेलं सत्तावीस. गाडीचं वाढलं साडेतीनशे. हिशेब जुळत नव्हता, आणि त्या न जुळण्याचाच त्याला आधार वाटत होता. तरी तो कुशलकडे गेला आणि म्हणाला, बसवलेलं सगळं काढ. फिल्टर, इंटरकूलर, पाइप, सगळं निघालं, जुनं बसलं, मांडणी मूळची केली. सलील गाडी घेऊन पुन्हा त्या वजनकाट्यावर गेला. वजन उतरलं नव्हतं. आणखी चढलं होतं. परत येताना उड्डाणपुलाच्या चढावर मागच्या रिक्षा हॉर्न वाजवत बाजूने निघून गेल्या. घरी आला तेव्हा गोविंदराव दाराशी उभे होते. त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सांगितलं की सगळं परत बसवून घे. घाट राहिलाय अजून.

सलीलने परत बसवून घेतलं. दुसरं काय करायचं हे त्याला सुचत नव्हतं.

उत्तरायणाला, संक्रांतीच्या पतंगांसाठी, सोसायटीची सगळी गच्ची भरली होती. स्पीकर, उंधियू, तिळाची चिक्की, पोरांची आरडाओरड. गोविंदरावही वर आले, टोपी घालून. वारा चांगला होता. सलीलने कुणाच्या तरी हातातली फिरकी धरली होती आणि त्याचं लक्ष वर होतं. मोहनाने त्याचं नाव घेतलं. मोठ्याने नाही, पण अशा आवाजात की तो लगेच वळला.

गोविंदराव कठड्याला धरून उभे होते, दोन्ही हातांनी. वाऱ्याचा झोत आला की त्यांच्या चपला फरशीवरून सरकत होत्या. ते नुसते धरून होते. सलीलने जाऊन त्यांचं मनगट पकडलं. जोर लावावाच लागला नाही. ढील दिलेला मांजा बोटावर जेवढा ओढतो, तेवढीच ओढ होती.

त्यांना खाली आणलं. मोहनाने त्यांच्या अंगावर दोन रजया घातल्या. थंडी नव्हती, तरी.

त्याच आठवड्यात एका सकाळी गोविंदराव कपडे करून तयार बसले. घाटाला जायचं म्हणाले. सलीलने नाही म्हणून पाहिलं. ते म्हणाले की नंतर जमणार नाही, आणि ते इतक्या साध्या सुरात म्हणाले की सलीलने किल्ली उचलली.

वडील शेजारी बसले. बेल्ट लावायचा राहिला होता, तरी गाडी टिंगटिंगली नाही. सलीलनेच वाकून तो लावला.

चांपानेरपर्यंत गाडी आली. ऊन कोवळं होतं, पायथ्याच्या दुकानांतून प्रसादाच्या थाळ्या मांडल्या जात होत्या. घाट लागला. तिसरा गिअर पहिल्या वळणापर्यंतही टिकला नाही. दुसराही नाही. पहिल्यात इंजिन ओरडायला लागलं, टर्बोची शीळ कानात घुसायला लागली, काटा शेवटाला टेकला, आणि गाडी माणसाच्या चालीने चढत राहिली. मग जळक्या क्लचचा वास आला. एका वळणावर गाडी थांबली आणि हळूहळू मागे सरकू लागली. सलीलने हँडब्रेक ओढला.

"मी उतरतो," गोविंदराव म्हणाले. "हलकी होईल."

ते उतरले. गाडी स्प्रिंगवर जराही वर आली नाही. सलीलने पुन्हा गिअर टाकला. काही झालं नाही. त्याने इंजिन बंद केलं.

एकदम शांत झालं. दरीतून वारा येत होता. गोविंदराव खिडकीच्या चौकटीला धरून उभे होते.

"किती झालं आता गाडीचं?" त्यांनी विचारलं.

सलीलने सांगितलं. चारशेच्या वर.

"माझ्याकडे तर एवढं नव्हतंच कधी." त्यांनी दरीकडे पाहिलं. "म्हणजे उरलेलं कुणाचं तरी आहे. तू स्वतः उभा राहिलास का काट्यावर?"

"नाही."

"राहू नकोस. घरी गेलास की काटा माळ्यावर टाक. मोहनालाही सांगू नकोस."

आत बस म्हणून सलीलने त्यांना विनवलं. ते बसले. त्याने खिडकी वर केली. टो करणारी क्रेन यायला दुपार झाली. तोवर ते दोघं तसेच बसून होते, बाप आणि मुलगा, आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच दोघांकडे इंजिनाबद्दल बोलायला काही नव्हतं. मध्येच सलीलने वडिलांचा हात हातात घेतला. हात ऊबदार होता. डोळे मिटले तर हातात काही आहे असं वाटत नव्हतं. म्हणून त्याने डोळे मिटले नाहीत.

चार दिवसांनी गोविंदराव झोपेत गेले. दोन रजया तशाच अंगावर होत्या.

खांदा द्यायला चौघे पुढे झाले. सलील, कुशल, शेजारचे सुभाषभाई आणि मोहनाचा भाऊ. वजन घ्यायच्या बेताने चौघे वाकले आणि तिरडी इतकी चटकन वर आली की कुशलचा तोल गेला. रस्त्याला लागल्यावर सलीलने बाजूला पाहिलं. वारा सुटला होता, आणि कुशलने तिरडीचा बांबू खालून धरला नव्हता. वरून तळवा दाबून धरला होता.

गाडीला गिऱ्हाईक मिळालं नाही. दोघं-तिघं आले, कोपऱ्यापर्यंत चालवून परत आले आणि किल्ली मोहनाच्या हातात देऊन गेले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सलीलला सांगितलं की गाडीखालचे फरसबंदीचे ब्लॉक खचताहेत, तेवढं बघा. त्याने मान हलवली. तो आता फारसा खाली उतरत नसे. अर्ज करायचंही त्याने सोडलं होतं. गॅलरीत बसायचा तेव्हाही कठड्यापासून दूर, आतल्या भिंतीला टेकून बसायचा. मोहनाला वाटायचं की दुःख आहे, जाईल हळूहळू. निदान गुडघे दुखत नाहीत म्हणतो आजकाल, हे तिने तिच्या बहिणीला फोनवर सांगितलंही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती धुवायच्या चादरी काढत होती. सलील नुकताच उठून बाथरूममध्ये गेला होता. किती तरी महिन्यांनी त्याला रात्रभर गाढ झोप लागली होती. तो तोंड पुसत बाहेर आला तेव्हा मोहना पलंगाच्या कडेला उभी होती, चादरीचं टोक हातात धरून. तिच्या बाजूला चादर चुरगळलेली होती, गादीत खळगा पडलेला होता. त्याच्या बाजूला चादर तिने काल संध्याकाळी घातली तशीच होती, इस्त्रीच्या घड्यांच्या सरळ रेघांसकट.

"रात्री बाहेर सोफ्यावर झोपलास का रे?" तिने विचारलं.

सलीलने त्या रेघांकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला.