त्र्याण्णव किलो

हे २०७१ सालचं. गणितं यंत्रंच करायची, पण त्यांना भरवायचे आकडे अजून माणसं देत आणि खाली सही करत. पनवेलजवळच्या प्रणोदन प्रयोगशाळेत इंजिनविभाग कुमुद राजाध्यक्षांकडे होता. हेरंब पोतनीस यानाचे मार्ग आखायचा, पास्कोल तुस्कानो इंधनटाक्या बघायचा. दोघांनाही कुमुदताईंनीच घडवलं होतं. त्यांची एक शिकवण होती: वर आकडा देताना मूठभर राखून द्यायचा. पाहुणा आलाच तर म्हणून आपण भाताला एक मूठ जास्त घालतो, तसं. आणि राखलेलं सांगायचं नाही. सांगितलं की कुणीतरी ते वापरून टाकतं.

त्या वर्षी चंद्रावरच्या तळात स्फोट झाला. चौघं होती. उरलेली हवा चौघांना दोन दिवस, एकट्याला जेमतेम आठ. मदतीचं यान पोचायला चाळीस दिवस. कक्षेत परतीचं यान फिरत होतं. तिथवर नेणारं छोटं उड्डाणयान शाबूत होतं, पण त्याचं बरंच इंधन गळालं होतं.

“इंजिनाचा जोर वाढवा ना जरा,” संचालक रझाकसाहेब म्हणाले.

“साहेब, रॉकेट पोटातलं जाळून मागे फेकतं आणि त्या धक्क्यानं पुढे जातं,” कुमुदताई म्हणाल्या. “फेकायला उरलं नाही की संपलं. वेग थोडा जरी कमी पडला, तर यान खाली येऊन आपटेल.”

“मग वजन काढा.”

“खुर्च्या काढल्या, कॅमेरे काढले, दगडांचे नमुने टाकले. तरी ऐंशी किलो जास्त होतात.”

त्यांनी दोघांकडे पाहिलं. “आकडे पक्के?”

“पक्के, ताई,” हेरंब म्हणाला. पास्कोलनं मान हलवली. ताईंनीही आपल्या आकड्याखाली सही केली. मुठीचं कुणी विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती.

चंद्रावरून मंगेश पागधरेचा आवाज आला. तोही ताईंचाच विद्यार्थी.

“ताई, किती जास्त होतंय? स्पष्ट सांगा.”

“ऐंशी.”



“म्हणजे मीच की! पोशाखासकट अठ्ठ्याऐंशी. बाकीचे सगळे पाऊणशेच्या आत. आई म्हणायची, मेल्या, भात कमी खा. ऐकलं असतं तर एकाच्या जागी दोघांना थांबायला लागलं असतं.”

मंगेश तळावरच थांबला.

बाकी तिघांना घेऊन उड्डाण बिनचूक झालं. चार तासांनी उड्डाणयान परतीच्या यानाला जोडलं गेलं. जोडणीनंतर टाकीतलं शिल्लक इंधन मोठ्यानं वाचायचा नियम होता. यानप्रमुख नसीमा इनामदारनं तो पाळला.

“शिल्लक इंधन... त्र्याण्णव किलो.” मग तिनं तोच आकडा पुन्हा वाचला, हळू.

इंजिन सांगितल्यापेक्षा थोडं जोरकस होतं, वाट थोडी सोपी होती, टाकी थोडी जास्त भरलेली होती. न जळता वर गेलेला किलो आणि माणसाच्या अंगचा किलो, इंजिनाला दोन्ही सारखंच ओझं.

“मग परत पाठवा ना खाली!” रझाकसाहेब ओरडले.

“उतरायलासुद्धा पुरायचं नाही तेवढं,” पास्कोल पुटपुटला.

मंगेशचा रेडिओ चालूच होता.

“ताई, कुणाची मूठ?”

ताईंनी हेरंबकडे पाहिलं, हेरंबनं पास्कोलकडे.

“तिघांचीही?” मंगेशनं विचारलं.

“मला वाटलं, मी एकटाच...” हेरंब म्हणाला आणि खुर्चीत बसला.

मंगेश आठवडाभर बोलत होता. आईशी, नसीमाशी, रझाकसाहेबांशीही. मुठीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. चौकशीत कुणी दोषी ठरलं नाही; प्रत्येकाचा आकडा नियमात बसत होता. नसीमा सुखरूप परतली आणि पुन्हा विमानातही चढली नाही. हेरंब कुठल्याशा कॉलेजात गणित शिकवतो. पास्कोल अर्नाळ्याला होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. रझाकसाहेब दोन वर्षांत गेले.

कुमुदताई आता नव्वदीला आल्यात. एकट्याच राहतात. तांदूळ धुताना हात सवयीनं डब्यात दुसऱ्यांदा जातो. मग बराच वेळ ती मूठ तशीच मिटलेली राहते.