लायकोडेमसचं धाकटं अपत्य

राजोडीचे हिलरीसर शाळेतून निवृत्त झाले, त्याला सहा वर्षं झाली होती. दोन्ही मुलगे कुवेतला. घरात सर आणि लुसीबाई. १९९६ साली पुण्याच्या एका कोशमंडळानं सरांकडे प्राचीन ग्रीसवरच्या काही नोंदी सोपवल्या. त्यातली एक लायकोडेमसची. थेसलीचा हा सरदार इतिहास जवळजवळ विसरला होता. बाप कोण, बायको कुठल्या घराण्यातली, मेहुण्याशी वैर कशावरून आणि पदरी दोन मुलगे, एवढंच ग्रंथांत सापडत होतं. सरांनी बारा ओळी लिहून पाठवल्या.

महिन्यानं मुद्रितं आली. ओटीवर बसून तपासताना सर थबकले. ‘दोन पुत्र व एक कन्या. कन्या बालपणी समुद्रात बुडाली.’

छापखान्यात कुठल्या तरी दुसऱ्या नोंदीतली ओळ घुसली असणार. त्यांनी ती लाल शाईनं खोडली.

दुसरी मुद्रितं आली. ओळ जागच्या जागी होती, आणि पुढे आणखी एक: ‘पित्याने तिचे नाव पुन्हा उच्चारले नाही.’

सरांनी कपाटातून आपली कार्बनप्रत काढली. दोन्ही वाक्यं तिच्यात होती. अक्षर त्यांचंच.

लुसीबाई केळफूल सोलता सोलता उठून आल्या. त्यांनी कागद वाचला. सत्तावीस वर्षांपूर्वी त्यांची सहा वर्षांची लिडिया ओहोटीबरोबर गेली होती. तेव्हापासून कुणी विचारलं, की सर सांगत, दोन मुलगे. लुसीबाई गप्प राहत.

“राहू द्या तिला,” त्या म्हणाल्या. “किती वेळा खोडणार?”

सरांनी तशीच सही केली.

पुढच्या रविवारी दोघं चर्चमधल्या मिस्साहून परतले, कुलूप काढलं, तोच फोन वाजला. संपादक होते. कन्येच्या नावाची जागा रिकामी होती, आता भरली, म्हणाले.

“नाव कुठून मिळालं?” सरांनी विचारलं.

“मघाशी फोन केला होता ना. तुमच्या नातीनं सांगितलं. एकेक अक्षर सावकाश.”

सरांनी हातातल्या कुलपाकडे पाहिलं.

“गोड आहे हो पोर. फक्त सारखी ठसकत होती, घशात पाणी गेल्यासारखी.”

शेजारी उभ्या असलेल्या लुसीबाईंनी सरांच्या हातातून रिसीव्हर हलकेच काढून घेतला.

“अजून काय म्हणाली ती?” त्यांनी विचारलं.