त्या दुपारी रक्त कुणी दिलं?

अशा गोष्टी रात्रीच घडतात, असं आपण धरून चालतो. ही भर दुपारी घडली. हॉस्पिटलच्या लख्ख उजेडात, माणसांच्या देखत.

माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडली. घरात तिला सगळे खारू म्हणतात. तिने जसं सांगितलं तसंच लिहितेय, पदरचं काही घातलेलं नाही. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

खारू चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांचे नंबर काढते, काचा घासून फ्रेममध्ये बसवते. तिच्या दादाला रक्ताचा आजार झाला. त्याच्या हाडांतली, रक्त तयार करणारी मज्जा औषधांनी पार पुसून टाकली आणि खारूच्या मूळ पेशी त्याला दिल्या. त्या रुजल्या. दादाचा रक्तगटसुद्धा बदलून तिचा झाला.

"संपलं," दादा म्हणाला. "आता मीपण खारूसारखा नऊ वाजता उठणार आणि चहाचा कप पलंगाखाली सारणार."

घरातले सगळे कितीतरी दिवसांनी हसले.

पण आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या शरीरात एक विषाणू लहानपणीच शिरून बसलेला असतो. तो मरत नाही. नुसता पडून राहतो. आपल्या काही पेशी त्याला चेहऱ्याने ओळखतात म्हणा ना, त्या त्याला डोकं वर काढू देत नाहीत. दादाच्या त्या जुन्या पेशी गेल्या होत्या. नव्या अजून कच्च्या होत्या.

आणि तो उठला...

थेट डोळ्यांत.

दादाला उजव्या डोळ्यासमोर करडा डाग दिसू लागला. मग डाव्या. औषध दिलं, तर त्या औषधानेच नवी मज्जा मरगळायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी खारूला समोर बसवलं. "तुझ्या रक्तात या विषाणूला ओळखणाऱ्या पेशी आहेत. त्या वेचून घ्यायच्या आणि दादाला द्यायच्या. या वेळी मागच्यासारखी आधी इंजेक्शनं घ्यायची नाहीत, नुसतं मशीनवर बसायचं. मंगळवारी ये. उशीर झाला तर नजर जाईल."

नजर जाणं म्हणजे काय, हे खारूला वेगळं सांगायला नको होतं.

तरी मंगळवारी सकाळी तिने फोन लावला.

"सिस्टर, मला ताप आहे."

ताप नव्हता.

कारण सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. पहिल्या वेळी त्या इंजेक्शनांनी हाडं ठणकली होती, पण ते कारण नव्हतं. भीतीही नव्हती. तिला कंटाळा आला होता. ती शिंकली तरी आई दचकायची, ते दादासाठी. ताटात पालेभाजी जास्त पडायची, तीही दादासाठी. दुकानातल्या मैत्रिणीने दुपारच्या सिनेमाची तिकिटं काढली होती. एक दिवस खारूला कुणाचं रक्त व्हायचं नव्हतं.

"मग येऊच नकोस हं," सिस्टर म्हणाली. "ताप असताना घेतच नाही आम्ही. बरं झालं, प्रामाणिकपणे सांगितलंस. आता मशीन पुढच्या आठवड्यात मिळेल."

पुढच्या आठवड्यात...

'नाही सिस्टर, येते मी', एवढं म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते.

तिने फोन ठेवला. मग बंदच करून टाकला.

सिनेमा विनोदी होता. थिएटर निम्मं रिकामं. पडद्यावर कुणीतरी चिखलात पडलं, मैत्रीण खिदळली... आणि खारूच्या ओठांना मुंग्या आल्या.

या मुंग्या तिच्या ओळखीच्या होत्या.

मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून एक द्रव घालतात. तो रक्ताबरोबर अंगात परत आला की ओठ असेच बधिर होतात. पहिल्या वेळी झाले होते. तेव्हा ती खुर्चीत होती, हाताला सुई होती.

आता नव्हती.

मग डाव्या कोपराच्या खळगीत गार वाटलं. आतून गार.

आणि लोकांच्या हसण्याखाली एक आवाज. घर्र... थांब... घर्र... थांब...

"तुला आवाज येतोय?" तिने विचारलं.

"एसी असेल. तू ओठ का चावतेयस? भूक लागली असेल तर सांग, माझा हात नको खाऊस."

खारू हसली नाही. सिनेमा संपेपर्यंत तिने हात मांडीखाली दाबून धरला.

बाहेर येऊन फोन सुरू केला. आईचे फोन येऊन गेले होते. एकामागून एक.

दादा गेला, असंच तिला वाटलं.

"आई?"

आई रडत होती. "अगं, ताप उतरला तर सांगायचं नाही का? एकटीच आलीस, एकटीच गेलीस. मला निदान थांबायचं तरी होतं तुझ्याजवळ."

"...कुठे?"

"कुठे म्हणजे? आत्ता सिस्टर सांगून गेल्या. सगळं नीट झालं म्हणे. पिशवी प्रयोगशाळेत गेलीसुद्धा. तू बरी आहेस ना, बाळा? चक्कर नाही ना येत?"

रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता. मैत्रीण रिक्षाला हात करत होती. खारूने बाही वर सरकवली.

कोपर स्वच्छ होतं. सुईचा साधा ठिपका नाही.

ती सांगू शकली असती. 'आई, ती मी नव्हते. मी सिनेमाला आलेय.' पण मग सिनेमाचंही सांगावं लागलं असतं.

"हो आई," ती म्हणाली. "बरी आहे मी."

ते 'हो' अजून घशात अडकलंय, असं ती म्हणते.

दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलमध्ये गेली. सिस्टर लटक्या रागाने म्हणाली, "काय गं, एवढी कसली रुसलीस काल? सकाळी ताप म्हणालीस आणि दुपारी दारात हजर. एक शब्द नाही बोललीस. सरबतसुद्धा तसंच ठेवून गेलीस."

"ओळखीचं कार्ड... दाखवलं होतं मी?"

"तुला आता कार्ड कोण मागतंय? तू घरचीच. पण ताप मोजला हं मी. दोनदा मोजला. पारा जागचा हलेना. हात तर बर्फ नुसता."

पिशवीतल्या रक्ताचा गट खारूच्या गटाशी जुळला होता. बाकी सगळ्या तपासण्याही जुळल्या होत्या. मी स्वतः विज्ञान शिकलेय. त्या तपासण्या नुसत्या चेहऱ्याच्या सारखेपणावर जुळत नाहीत, एवढं मला कळतं.

त्या पेशी दादाला दिल्या.

विषाणू उतरू लागला. डाग वाढायचा थांबला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुझ्या पेशी भलत्याच जाग्या निघाल्या. नमुना तपासला तेव्हा एवढ्या नव्हत्या वाटल्या."

आईने खारूला जवळ घेतलं. मावशीने, म्हणजे माझ्या आईने, फोनवर तिचं इतकं कौतुक केलं की मीच कंटाळले. दुकानाच्या मालकांनी पेढ्यांऐवजी रजा दिली.

प्रत्येक कौतुकाला खारू मान खाली घालायची. लोकांना ती विनयशील वाटायची.

मग एकदा दादा म्हणाला, "त्या दिवशी माझ्या खोलीच्या काचेबाहेर उभी होतीस ना? मी हात केला, तू केलाच नाहीस."

खारू त्याची चादर नीट करू लागली.

"कपडे ओळखले मी तुझे. तोंड नाही दिसलं. डाग नेमका तिथेच आला. गंमत सांगू? मी मान वळवली, इकडेतिकडे पाहिलं. डाग सरकला. तरी तोंड नाही दिसलं..."

तो हसला. "डोळेच गंडलेले, दुसरं काय."

काही आठवड्यांनी पेशींचा आणखी एक डोस द्यायचं ठरलं.

या वेळी खारूने सुट्टी आधीच टाकली. सकाळी पोटभर खाल्लं. आईबरोबर निघाली, वेळेच्या आधी पोचली. आई दादाकडे वळली. "तू हो पुढे, मी आलेच."

रक्त घेण्याच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं.

सिस्टर पाठमोरी बसून पिशवीवर चिकटपट्टी लावत होती. मान न वळवता ती म्हणाली, "हात हलवू नकोस हं, खारू. थोडंच राहिलंय."

खारू दारात होती.

सिस्टर खुर्चीभोवतीच्या पडद्याकडे बघून बोलत होती.

घर्र... थांब... घर्र...

पडदा पूर्ण ओढलेला नव्हता. फटीतून खुर्चीचा हात दिसत होता. त्यावर एक हात होता. डावा. नळी लावलेला. अंगठ्यावर बारीक चरा... काच घासताना चाक लागून पडतो तसा.

खारूने आपला अंगठा मुठीत लपवला.

ओठ बधिर व्हायला लागले होते. तिला पुढे व्हायचं होतं. पडदा सारायचा होता. म्हणायचं होतं, ऊठ, आज मी आलेय. आज खरंच आलेय.

तेवढ्यात खुर्चीवरची बोटं उचलली गेली. हळूच. दारात घुटमळणाऱ्या लहान मुलाला आपण करतो तशी.

जा.

आणि ती गेली. जिन्यात जाऊन पायरीवर बसली. मशीनचा आवाज थांबेपर्यंत उठली नाही.

आज दादा वाचू शकतो. थोडं वाकडं दिसतं, पण दिसतं. नवीन चष्मा खारूनेच करून दिला. तो सगळ्यांना सांगतो, माझ्या बहिणीने मला तीनदा जन्म दिला.

मी खारूला म्हटलं, अगं, तुझंच काहीतरी तिथे गेलं असेल. तुझा जीव तिथे ओढला गेला असेल. वाईट कशाला वाटून घेतेस?

तिने हातातली काच पुसून बाजूला ठेवली.

मग म्हणाली, "पहिल्यांदा ती आली, ते समजू शकते. मी नव्हतेच. पण दुसऱ्यांदा तर मी पोचले होते ना? दारात उभी होते."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"तिला माझा भरवसा नव्हता."

खोटं कशाला सांगू... त्या क्षणी मलाही नव्हता. आणि ते तिने माझ्या तोंडावर वाचलं.