दोन ठोके

रेनहिल्डे मठात आली ती अगदी साध्या कामाला. देवुल्फ सरांच्या पुस्तकाची मुद्रितं मूळ हस्तलिखिताशी ताडून बघायची आणि उद्या छापखान्याला होकार कळवायचा, एवढंच. पुस्तक म्हणजे एका संतिणीचं जुनं लॅटिन चरित्र. शेकडो वर्षांपूर्वी याच मठात उतरवलेलं. सरांनी त्यावर उभी हयात घालवली. वसंतात ते गेले, आणि उरलेलं काम या लाडक्या विद्यार्थिनीच्या गळ्यात पडलं.

मठात आता चारदोन म्हातारेच उरले होते. त्यांतले ब्रदर आमांडस तिला जुन्या भोजनशाळेत घेऊन आले. वाचणाऱ्याचा दगडी कट्टा भिंतीत उंचावर, खिडकीला लागून होता. नोव्हेंबरच्या दुपारचा उजेड काय तो तिथेच होता.

"बस वर. पण नीट वाच हं बाई," ब्रदर म्हणाले. "आम्ही जेवायचो गप्प, आणि एकजण वरून वाचायचा. चुकला की मठाधिपती टेबलावर एक ठोका द्यायचे. मग खाली उतरायचं, कपाळ फरशीला टेकून क्षमा मागायची, आणि तीच ओळ पुन्हा. माझं निम्मं आयुष्य त्या जिन्यावरच गेलं!"

"आणि संपायचं कधी?"

"दोन ठोके पडले की. तोवर थांबायची कुणाची टाप नव्हती, पोटात कावळे ओरडत असले तरी." ब्रदर हसले. "तुझे सर तर हाक मारली तरी खाली यायचे नाहीत. शेवटच्या खेपेला मात्र धावतच उतरले, टोपीसुद्धा विसरले. पुन्हा काही आले नाहीत... बरं, सूप झालं की हाक मारतो."

ती मोठ्यानं वाचू लागली. ही सरांचीच शिकवण. डोळे चुकीवरून घसरून पुढे जातात, जीभ अडखळते. खाली लांबलचक टेबलं हळूहळू अंधारात बुडत होती. ओल्या लोकरीच्या झग्यांसारखा वास येत होता, मघाशी तो नव्हता.

मग ते पान आलं. मरतेवेळी संतीण बोलते ते भाषण. सरांचं नाव झालं ते याच भाषणामुळे. रेनहिल्डेला ते तोंडपाठ होतं. तिनं हस्तलिखिताकडे पाहिलं. तिथे भाषण नव्हतंच. ओलीनं पानाचं कातडं काळं पडून गळून गेलं होतं, तिथे नुसतं भोक होतं.

अशा जागी टिंबं द्यायची आणि पुढे जायचं, हा या विद्येचा पहिला धडा. तो तिला सरांनीच दिला होता. मुद्रितात मात्र एकही टिंब नव्हतं, अख्खं भाषण सरांनीच रचलेलं होतं.

"सर, हे काय करून बसलात..." तिला राग आला, लाज वाटली, आणि दोन्हींपेक्षा जास्त त्या माणसाची माया दाटून आली. इथे येऊन कोण बघणार आहे? राहू दे. तिनं आवाज घट्ट केला आणि ते भाषण वाचलं.

ठक्.

आवाज खालून आला होता, टेबलाच्या पार टोकाकडून.

"ब्रदर?..."

तिनं पुन्हा वाचलं.

ठक्.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. शेवटच्या दिवसांत गेंटच्या इस्पितळात सरांचे ओठ अखंड हलायचे. वाकून ऐकलं तर हेच भाषण. मध्येच असा आवाज व्हायचा, सर दचकायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. "थांबू का?... आता थांबू का?" असं कुणाला तरी विचारायचे. ती म्हणायची, खोली तापवणारा पाइप वाजतोय. कारण सरांचे दोन्ही हात तर तिच्याच हातांत असायचे.

रेनहिल्डेनं पेन्सिल घेतली आणि सरांचं भाषण खोडलं. त्या जागी टिंबं दिली. उद्या जगात त्यांची छीथू होणार, ती आपल्या हातानं. रडतच ती जिना उतरली आणि तिनं गार फरशीला कपाळ टेकलं.

"त्यांना क्षमा करा," ती म्हणाली. "त्यांच्या वतीनं मी मागतेय..."

मग वर, रिकाम्या कट्ट्यावर, कुणीतरी वाचू लागलं. सरांचीच ती छातीतली घरघर, वाक्याच्या मध्येच श्वास गिळायची तीच लकब. तो आवाज भोकापाशी आला, तेवढा गप्प राहिला आणि पुढे गेला. ठोका पडला नाही. तिला हायसं वाटलं. आता फक्त दोन ठोके, की सुटले बिचारे.

स्वयंपाकघराचं दार किलकिलं झालं. "सूप गार होतंय ग!" ब्रदर आमांडस आतूनच ओरडले. "त्या वरच्यालाही म्हणावं, पुरे झालं आता!"

दार लागलं. वरचा आवाज वाचतच होता, पण आता दमत चालला होता. "थांबू का?..." त्यानं मध्येच विचारलं.

मठाधिपती देत नाहीत, तर मीच देते ठोके. ती चाचपडत टेबलाच्या त्याच टोकाशी गेली, जिथून ठोके आले होते. तिनं मूठ उचलली आणि जोरात खाली आणली.

मूठ लाकडाला लागलीच नाही. मध्ये एक हात होता, पालथा, ओल्या दगडासारखा गार. तो उलटला आणि त्यानं तिची मूठ घट्ट धरून ठेवली, ठोका पडू दिला नाही.

वर पान उलटल्याचा आवाज आला.