दर्याबुरुजाचा मक्ता

पहाटेच्या ओहोटीने खारकोटाच्या पायथ्याचे काळे खडक उघडे पडले होते, आणि गेल्या स्वारीत शत्रूच्या तोफांनी पाडलेल्या दर्याबुरुजाचे चिरे त्या खडकांत विखुरलेले दिसत होते. पावसाळा सरताच शत्रूची गलबते परतणार हे जाणून किल्लेदार आबाजी नरहर यांनी दवंडी पिटवली, की दगड आणि चुना दोन्ही जो पुरवील, त्यालाच बुरुजाचा मक्ता मिळेल.

असा एकही असामी त्या किनाऱ्यावर नव्हता. खाणी गोमाजी पाथरवटाच्या, शिंपल्यांच्या चुन्याच्या भट्ट्या हिरबा लोणाऱ्याच्या, आणि दोघांत जुना उभा दावा. पण मक्त्यापुढे वैर नरमले. दोघांनी सदरेवर एकत्र बेलभंडार उचलून भागीदारीची शपथ घेतली.

"आता रिवाज," किल्लेदार म्हणाले. "काम पुरे होईतो एक भागीदार गडावर ओलीस राहील. काम बिघडले, तर मान त्याची."

"हिरबा राहील," गोमाजी म्हणाला. "भट्टी काय, पेटवली की जळते. खाणीवर धन्याला उभे राहावे लागते."

"आणि गडावर आयते जेवण मिळते, तेही सांग की!" हिरबा म्हणाला. सदर हसली. किल्लेदाराच्या पंगतीला बसायचा मान त्याला मनातून आवडलाही होता.

बुरूज चढत गेला. काम पुरे होत आले तेव्हा एके दुपारी हिरबाने सांध्यातला चुना नखाने खरवडून जिभेवर ठेवला आणि थुंकला. खारट! न धुतलेली समुद्राची वाळू, चुना नावापुरता. त्याने धक्क्यावर जाऊन मालाच्या होडीवरल्या तांडेलाला हटकले, "माझ्या भट्ट्यांचा माल कुठे जातो रे?"

"पलीकडच्या कोटाला, शेट. गोमाजीशेटचा हुकूम. तुम्हांला ठाऊक नाही?"

हिरबा तडक किल्लेदारांपुढे उभा राहिला. "सरकार, हा बुरूज पहिल्या बारालाच बसेल. भागीदाराचा गुन्हा तो माझा. मान घ्या, पण गोलंदाज वर चढवू नका."

आबाजींनी शांतपणे विडा दुमडला. "हे आणखी कोणास ठाऊक?"

"कोणासच नाही."

"उत्तम. उद्या नव्या बुरुजाच्या पहिल्या सलामीस तुम्हीही बुरुजावर उभे राहाल. तोंड उघडलेत, तर तुमच्या भावाचे घर जागेवर राहणार नाही."

या मक्त्यात तिसराही भागीदार आहे, हे हिरबाला तेव्हा उमगले.

सकाळी तोफ ठासली गेली. जमादार इभ्राम बत्ती घेऊन पुढे झाला, तोच हिरबाने त्याचा हात धरला. "पहिली बत्ती मक्तेदाराची. तुम्ही सारे खाली व्हा."

"असला रिवाज ऐकला नाही, शेट."

"तोफा डागण्यात जन्म गेला, मान कसा द्यावा ते शिकला नाहीस! चल, उतर!"

इभ्राम हसत आपली माणसे घेऊन उतरला. हिरबाने ती बुरुजाच्या उंबरठ्यापार झालेली पाहिली आणि बत्ती दिली. बार झाला, पाठोपाठ सारा बुरूज त्याच्यासकट समुद्रात गेला.

लोणाऱ्याने खोटा चुना घातला, असे आबाजींनी वर कळवले. गलबते आली, तेव्हा त्या भगदाडात इभ्राम आणि त्याचे गोलंदाज एकामागून एक कापले गेले. आबाजी मागच्या दिंडी दरवाजातून होडीत बसून निसटले.

नव्या धन्यांनीही बुरुजाची दवंडी पिटवली. गोमाजी पहिला हजर झाला, हिरबाचा धाकटा भाऊ राया याला सोबत घेऊन. घराण्याला लागलेला बट्टा पुसायचा म्हणून ओलीस राहायचे रायाने स्वतःहून कबूल केले होते.